टिंब घराचे की पाण्याचे?
(कात्रज परिसर आणि साथीच्या रोगांचे नकाशे)

साथ पसरू लागली की गावात पहिला प्रश्न निघतो तो "कशामुळे?" असा. वैद्यकाचा विद्यार्थी हा प्रश्न सूक्ष्मदर्शकाला विचारतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याला मात्र त्याआधी दुसराच प्रश्न विचारावासा वाटतो, तो म्हणजे "कोठे?" वरवर पाहता हा प्रश्न अगदी साधा आहे. परंतु तो नीट विचारला आणि त्याचे उत्तर कागदावर नीट मांडले, तर "कशामुळे?" या प्रश्नाचेही बरेचसे उत्तर हाती लागते, असा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा अनुभव आहे.

हा विषय मी निवडला त्याला प्रात्यक्षिक भूगोलाचा अभ्यासक्रम हे एक कारण आहेच. पण ते एकमेव नव्हे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले. मी कात्रजला राहते. कात्रज आणि ही गावे यांच्यामध्ये आंबेगाव, नऱ्हे आणि महामार्ग एवढेच काय ते अंतर. त्या दिवसांत आमच्या इमारतीत पाणी उकळण्याचे पातेले गॅसवरून उतरत नसे, आणि "आपले पाणी तेच का हो?" हा प्रश्न जिन्यात, दुधाच्या दुकानात, रिक्षा थांब्यावर सारखा कानी पडे. त्याचे उत्तर कोणालाच छातीठोकपणे देता येत नव्हते. ते का देता येत नव्हते, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

लंडनमधील एक पंप

रोगाच्या नकाशाची गोष्ट निघाली की जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरचे नाव येतेच. १८५४ च्या ऑगस्टअखेरीस लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ उसळली. थोड्याच दिवसांत सुमारे सहाशे माणसे दगावली. कॉलरा दूषित हवेमुळे होतो असे त्या वेळी बहुतेक डॉक्टर मानीत. तो पाण्यातून येतो असे स्नोचे मत होते. मृत्यू कोणकोणत्या घरी झाले याची त्याने चौकशी केली, तेव्हा ते ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसले. पुढे त्याने हे मृत्यू नकाशावर मांडून दाखविले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

आपण वर्गात "टिंब पद्धत" शिकतो, तिचे हे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. परंतु पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट इतक्या थोडक्यात येते की नकाशा काढला आणि सत्य आपोआप प्रकट झाले, असे वाचणाऱ्यास वाटते. वस्तुतः नुसत्या टिंबांच्या दाटीने काहीच सिद्ध झाले नसते. दूषित हवेचा कैवारी म्हणाला असता, "पंपाभोवतीची हवाच वाईट आहे, म्हणून तेथे माणसे मेली." आणि त्या नकाशाकडे पाहून त्याला खोटे पाडणे अवघड गेले असते.

स्नोचे खरे मोठेपण अपवाद शोधण्यात आहे. पंपाजवळच एक दारूभट्टी होती. तेथील सत्तर कामगारांपैकी एकही दगावला नाही. ते बीअर पीत, आणि भट्टीची स्वतःची विहीर होती. जवळच्याच गरीबगृहात (वर्कहाउसमध्ये) पाचशेहून अधिक माणसे राहत होती. तेथे पाचच मृत्यू झाले. त्यांचीही विहीर स्वतंत्र होती. उलट, कित्येक मैल दूर हॅम्पस्टेड येथे राहणारी एक विधवा बाई कॉलऱ्याने वारली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडे, म्हणून ती ते पाणी मुद्दाम मागवून घेत असे. म्हणजे जवळ राहून जे वाचले ते का वाचले, आणि दूर राहून जे गेले ते का गेले, या दोन प्रश्नांनी नकाशाला बोलते केले. हवा सर्वांची एक होती. पाणी मात्र एक नव्हते.

पुढे स्नोने नकाशावर आणखी एक रेषा ओढली. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांच्यापासून पायी चालत सारख्याच अंतरावर पडणाऱ्या ठिकाणांची ती रेषा होती. सरळ अंतर न मोजता त्याने गल्लीबोळांतून चालण्याचे अंतर धरले, कारण घागर घेऊन निघालेली बाई पक्ष्यासारखी उडत जात नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावा असा हा बारकावा आहे.

या शोधात हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाचाही वाटा आहे. स्नोचे म्हणणे खोडून काढावे या हेतूने त्याने चौकशी आरंभली. तो त्या वस्तीत घरोघरी जाणारा माणूस होता; लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलत. चौकशीअंती त्याला पंपासमोरच्याच घरातील एका तान्ह्या मुलीच्या आजाराचा पत्ता लागला. तिची दुपटी धुतलेले पाणी घराच्या शौचकूपात टाकले जात होते, आणि तो कूप विहिरीपासून अवघ्या तीन फुटांवर होता. स्नोला नकाशा ठाऊक होता, व्हाइटहेडला माणसे ठाऊक होती. दोघांपैकी एकाने काम भागले नसते.

कात्रजचा नळ

आता आपल्याकडे वळू. पाणी आणि वस्ती यांचा संबंध समजण्यास कात्रजइतके सोयीचे ठिकाण शोधून सापडणार नाही. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तलाव करण्यात आले, आणि तेथून दगडी बांधणीचा भुयारी नळ शनिवारवाड्यापर्यंत नेण्यात आला. पंप नाही, इंजिन नाही. केवळ जमिनीच्या उताराने पाणी आठ-नऊ किलोमीटर वाहत जाई. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. त्यांतून नळात हवा खेळे, आणि आत उतरून गाळही काढता येई. हे पाणी पुढे पेठांतील हौदांत पडे आणि लोक हौदावरून ते भरून नेत. काळा हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांच्या तोंडी अद्याप आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून खडकवासल्याचेही धरण गेले आणि शहराचे पाणी तुटले, तेव्हा याच जुन्या हौदांनी पुणेकरांना हात दिला.

भूगोलाच्या दृष्टीने या व्यवस्थेत एक गुण होता. एक हौद म्हणजे एक जलवस्ती. अमुक वाड्यातील माणसे अमुक हौदाचे पाणी पितात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. एखाद्या आळीत जुलाब-वांत्या सुरू झाल्या तर बोट कोणत्या हौदाकडे दाखवावयाचे, यासाठी चौकशी समिती नेमावी लागली नसती. पाणी शुद्ध होते की नव्हते हा प्रश्न निराळा. पण ते कोठून आले हे प्रत्येकाला माहीत होते.

आज आमच्या कात्रजमध्ये हे माहीत नाही.

जानेवारी २०२५

जीबीएस हा तसा विरळा विकार. सर्वसाधारणपणे लाख लोकसंख्येत वर्षाला एक-दोन जणांना तो होतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. पाय लुळे पडू लागतात, मग हात, आणि गंभीर रुग्णांच्या श्वासाच्या स्नायूंवर परिणाम होऊन कृत्रिम श्वासाची पाळी येते. बहुतेक रुग्ण हळूहळू बरे होतात. हा विकार एकापासून दुसऱ्याला होत नाही. परंतु तो पुष्कळदा आधीच्या एखाद्या संसर्गानंतर उद्भवतो, आणि त्यांत आतड्याला बाधा करणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा क्रमांक वरचा आहे. या जिवाणूच्या बाह्य आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. त्यामुळे शत्रूला मारण्यास निघालेली फौज घरच्यांवरच तुटून पडते.

त्या जानेवारीत पुण्याच्या रुग्णालयांत असे रुग्ण थोड्याच दिवसांत मोठ्या संख्येने येऊ लागले. पुढे संशयित व निश्चित मिळून हा आकडा दोनशेवर गेला आणि काहींना प्राण गमवावे लागले. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत झालेल्या तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस आढळले. आता प्रश्न आला तो "कोठे?" हा.

आरोग्य खात्याच्या दैनंदिन पत्रकात रुग्णांची विभागणी दिलेली असे: पुणे महानगरपालिका, महानगरपालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावे, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि इतर जिल्हे. आपण जिला "क्षेत्रघनी पद्धत" म्हणतो, तिची ही कच्ची सामग्रीच होती. या कोष्टकात सर्वांत मोठा आकडा समाविष्ट गावांचा होता. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नांदोशी ही गावे २०२१ मध्ये महानगरपालिकेत आली, धायरी २०१७ मध्ये. गावे शहरात आली, इमारती उठल्या, माणसे राहावयास आली. पण शहराच्या जुन्या भागाला मिळणारे गाळून शुद्ध केलेले पाणी तितक्या वेगाने त्यांच्यामागून आले नाही. नांदेड गावातील एका मोठ्या विहिरीचे पाणी केवळ जंतुनाशक पावडर टाकून पुरविले जात होते. त्या विहिरीच्या परिसरातच सुमारे ८० टक्के रुग्ण असल्याचे राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जानेवारीअखेरीस सांगितले. पुढे परिसरातील खासगी आर.ओ. प्रकल्पांच्या पाण्याचीही तपासणी झाली आणि काही प्रकल्प बंद करण्यात आले.

वृत्तपत्रांत विहिरीभोवती पाच किलोमीटरच्या टापूचा उल्लेख येत असे. तो वाचून मी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर कंपासने तेवढे वर्तुळ काढून पाहिले. पाच किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस किलोमीटर भरते! त्यात डोंगर आला, धरणाचे पाणी आले, मुठेच्या पलीकडची गावे आली आणि एकमेकांशी संबंध नसलेल्या कित्येक पाणीयोजना आल्या. शिवाय विहिरीला केंद्र धरून वर्तुळ काढले की विहीर मध्यभागी येणारच. तो पुरावा नव्हे, ती कंपासची करणी आहे. आणखी असे की, माणसे जेथे दाट राहतात तेथे कोणत्याही रोगाची टिंबे दाटच पडणार. म्हणून टिंबांच्या संख्येला तेथील लोकसंख्येने भागून दर काढणे अगत्याचे असते.

याचा अर्थ विहिरीवरचा संशय अनाठायी होता असा मुळीच नाही. संशय रास्त होता, आणि साथ चालू असताना पूर्ण पुराव्याची वाट पाहत बसणे हा गुन्हाच ठरला असता. स्नोनेही जंतू डोळ्यांनी पाहिला नव्हता, तरी पंपाचा दांडा निघाला. मुद्दा इतकाच की नकाशा आरोपी दाखवितो. गुन्हा शाबीत करावयाचा तर त्याच टापूत राहून ते पाणी न पिणारी घरे, आणि दूर राहून ते पिणारी घरे शोधावी लागतात.

येथे काळाचीही अडचण आहे. जीबीएसची लक्षणे मूळ संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. रुग्ण दवाखान्यात आला त्या दिवशी विहिरीतून भरलेली बाटली ही त्याने प्यायलेल्या पाण्याची बाटली नसते. मधल्या काळात पावडर पडलेली असते, टाकी धुतलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे कॅम्पिलोबॅक्टरची बाधा झालेल्या सुमारे हजारांत एकालाच जीबीएस होतो. बाकीच्यांचे दोन-चार दिवसांच्या जुलाबावर निभावते. ज्याला आपण टिंब म्हणतो त्याच्यामागे न दिसणारी कितीतरी टिंबे उभी असतात. त्यांचा नकाशा कोणी काढत नाही, कारण ती माणसे दवाखान्याची पायरीच चढलेली नसतात.

आमच्या आळीत

हे सर्व वाचल्यावर आपल्याच परिसराचा पाणी-नकाशा काढून पाहावा असे मनात आले. रोगाचा नव्हे, फक्त पाण्याचा. वही घेऊन मी आमच्या आळीत आणि पुढे आंबेगावच्या बाजूला ओळखीच्या घरी फिरले. प्रश्न एकच ठेवला होता: "मावशी, तुमचे पिण्याचे पाणी कोठून येते?"

उत्तरे ऐकून वहीतले रकाने कमी पडू लागले. एका घरी सकाळी महापालिकेचा नळ, दुपारनंतर सोसायटीची बोअर, आणि उन्हाळ्यात टँकर. हे तिन्ही इमारतीखालच्या एकाच टाकीत पडतात आणि वरच्या टाकीतून एकाच नळाने येतात. दुसऱ्या घरी पिण्यासाठी वीस लिटरचा जार. तो कोण भरतो असे विचारता "टेम्पोवाला आणतो" एवढेच उत्तर मिळाले. एका काकांनी सांगितले की घरी ते उकळलेले पाणी पितात, पण दिवसभर कारखान्यात असतात आणि तेथे जे मिळेल ते पितात. शिकावयास आलेली मुले खोली घेऊन राहतात, त्यांनी तर "घरमालकाला विचारा" असे सांगून मला वाटेला लावले. घरमालक बाणेरला राहतात.

मग टिंब द्यावयाचे कोठे? काका आजारी पडले तर सरकारी कागदावर त्यांचा पत्ता कात्रजचा लागेल. पण दोष कारखान्याच्या टाकीचा असेल तर कात्रजवर पडलेले ते टिंब तपास करणाऱ्याला चुकीच्या दिशेने नेईल. रुग्णाचा पत्ता म्हणजे तो जेथे झोपतो ते ठिकाण. तो जेथे पाणी पितो ते ठिकाण निराळे असू शकते. आपले बहुतेक नकाशे झोपण्याच्या जागेचे असतात.

स्नोलाही नेमकी हीच अडचण आली होती. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याखालून जात. शेजारशेजारच्या घरांचे पाणी निराळे असे, आणि भाडेकरूंना आपली कंपनी कोणती हे ठाऊक नसे. एक कंपनी थेम्सचे पाणी शहरातील घाण मिसळते तेथूनच उचलीत असे. दुसरीने आपला उपसा वरच्या अंगाला हलविला होता. स्नो घराघरातून पाणी गोळा करी आणि सिल्व्हर नायट्रेट घालून त्यातील मिठाचे प्रमाण पाही. खालच्या अंगाच्या पाण्यात ते कितीतरी अधिक असे. अशा रीतीने प्रत्येक घराचे पाणी ओळखून त्याने हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू निघाले आणि दुसरीच्या ३७. माझ्या मते हे काम पंपाच्या नकाशाहूनही मोलाचे आहे. येथे टिंब घराला न देता पाण्याला दिले गेले.

लपविलेले टिंब

नकाशाची आणखी एक बाजू आहे, आणि ती पुणेकरांनी तरी विसरू नये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखाली गोऱ्या सोजिरांनी घरात शिरून झडत्या घेतल्या, माणसांना सक्तीने छावणीत नेले. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट महत्त्वाची: झडतीच्या धास्तीने लोक आजारी माणूस लपवू लागले. जो रुग्ण लपविला जातो त्याचे टिंब नकाशावर पडत नाही. जुलमाने केलेली मोजणी शेवटी खोटी मोजणी ठरते.

आज झडतीचे सोजीर नाहीत, पण धास्ती निराळ्या रूपाने आहेच. वही घेऊन फिरताना मला दोन ठिकाणी विचारले गेले, "हे पेपरात येणार नाही ना? आमच्या सोसायटीचे नाव निघाले तर खोल्या कोण भाड्याने घेणार?" यात त्या माणसांचा दोष आहे असे मला वाटत नाही. टिंब कोणाच्या तरी दारावर पडते, आणि त्या दाराआड माणसे राहतात. म्हणून घराचा नेमका पत्ता तपास करणाऱ्यापुरता ठेवावा आणि लोकांपुढे मांडावयाच्या नकाशात टिंब आळीचे किंवा पाण्याच्या टाकीचे द्यावे. असे केल्याने लोकांचा विश्वास टिकतो, आणि विश्वास टिकला तरच पुढच्या वेळी खरी माहिती मिळते.

आपणांस काय करता येईल

साथ आल्यावर नकाशा काढावयास बसणे म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणावयास घेणे. रोगाचा नकाशा अर्थात रोग आल्यावरच निघेल. परंतु त्याखाली अंथरावयाचा पाण्याचा नकाशा आधीच तयार ठेवता येतो. कोणती टाकी कोणत्या आळीला पाणी देते, टँकर कोणत्या विहिरीवर भरतात, जार कोठे भरले जातात, मलवाहिनी आणि जलवाहिनी कोठे एकमेकींना ओलांडतात, शौचकूप विहिरीपासून किती अंतरावर आहेत, एवढ्या गोष्टी त्यावर हव्यात. आपल्या भागातील बेसॉल्ट खडकाच्या वरच्या थरात, मुरमात आणि भेगांत पाणी फिरते; वरचे सांडपाणी उथळ विहिरीत उतरावयास फार वेळ लागत नाही. म्हणून शेवटची बाब तर विशेष महत्त्वाची.

या कामासाठी उपग्रहांची व संगणकांची मदत आज सहज मिळते आणि ती जरूर घ्यावी. पण टेम्पोवाला जार कोठे भरतो हे उपग्रहाला दिसत नाही. ते विचारावे लागते, आणि विचारणारा माणूस त्या आळीच्या ओळखीचा असावा लागतो. आपल्या महाविद्यालयात कात्रज, धनकवडी, आंबेगाव, भिलारेवाडी, मांगडेवाडी येथून येणारे विद्यार्थी शेकड्यांनी आहेत. प्रात्यक्षिक भूगोलाच्या वहीत आपण दरवर्षी दुसऱ्याच कोणत्या तरी देशाच्या गव्हाच्या उत्पादनाची टिंबे देत बसतो. त्याऐवजी एक वर्ष प्रत्येकाने आपल्या आळीचा पाणी-नकाशा काढला, आणि प्राध्यापक मंडळींनी ते तुकडे एकत्र जोडून प्रभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिले, तर ती वही निदान एकदा तरी गुणांपलीकडे उपयोगी पडेल.

मी माझ्या आळीचा तुकडा पुरा केला आहे. त्यात तीन घरांपुढे "जार, ठिकाण अज्ञात" असे लिहावे लागले आहे. त्या टेम्पोवाल्याला गाठावयाचे अद्याप बाकी आहे.